वर्गात बोलणाऱ्यांची नावं

सातवीत मी वर्गाची मॉनिटर होते. बाई वर्गाबाहेर गेल्या की फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं लिहायची, पुन्हा बोलला की नावापुढे फुली. तीन फुल्यांना एक छडी. छडी बाई मारायच्या, पण शत्रुत्व माझ्या खात्यावर जमा व्हायचं. आज पन्नाशीला आले तरी मी त्याच वर्गाची मॉनिटर आहे. फक्त आता फळा पर्समध्ये असतो आणि छडी कुणाच्याच हातात नसते.

दहावी ब, 1991, सातारा. स्नेहमेळाव्यात पुरणपोळ्या अंगावर आल्यावर कुणीतरी म्हणालं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढू. अ‍ॅडमिन कोण? सगळे एका सुरात माझ्याकडे बघून म्हणाले, ‘मॉनिटर!’ कारण विचारलं तर शिर्क्या म्हणाला, ‘तुझं अक्षर चांगलं होतं गं.’

पहिल्याच दिवशी मी नियम टाकला: राजकारण, जात आणि धर्म, हे तीन विषय इथे नकोत. त्रेसष्ट जणांच्या ग्रुपमध्ये बासष्ट अंगठे आले. एवढी एकी त्यानंतर ग्रुपने कधी दाखवली नाही.

आठव्या दिवशी शिर्क्याचा मेसेज आला. त्याचं कोरेगावकडे आल्याचं रान आहे. आमच्याकडे आल्याचा भाव गाडीवर बोलतात, एक गाडी म्हणजे पाचशे किलो. शिर्क्याने लिहिलं, ‘व्यापारी जुन्या आल्याला एक दर लावतात आन् नव्याला दुसरा. सरकार झोपलंय का?’ लगेच पिंपरीचा इंजिनिअर देश्या उगवला: ‘राजकारण नको. नियम आहे.’ शिर्क्या म्हणाला, ‘तुझ्या चहात पडलं की आलं, आन् माझ्या रानात उगवलं की राजकारण?’

पुढचे दोन तास मी भाजी निवडता निवडता न्यायदान करत होते. शेवटी निकाल दिला: भाव चालेल, सरकार नको. शिर्क्याने मान राखला. दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलं, ‘आल्याचा भाव पडला. कोणामुळं, ते मॉनिटरला विचारा.’

त्या दिवसापासून माझी खात्री आहे की राजकारण नको म्हणणाऱ्याला दुसऱ्याचं राजकारण नको असतं. स्वतःचं असतं ती ‘माहिती’. देश्याने त्याच आठवड्यात एक लांबलचक फॉरवर्ड टाकला, वर लिहिलं: ‘फक्त माहितीसाठी.’ मी तो उडवला.

तीही एक गंमतच. 2022 पासून अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांच्या फोनवरून पुसता येतो. पण पुसलेल्या जागी अ‍ॅडमिनच्या नावानिशी पाटी राहते. तो फॉरवर्ड सकाळपासून पडून होता, एका माणसाने वाचला नव्हता. पाटी दिसल्यावर तीन मिनिटांत: ‘काय होतं?’ ‘माझं हुकलं.’ ‘कुणाकडे असेल तर पर्सनलला टाका.’ रात्रीपर्यंत झाडून सगळ्यांनी तो वाचला. न्यू जर्सीच्या वैशालीने तर उठल्या उठल्या वाचला आणि मला कळवलं की त्यात तसं काही फार नव्हतं.

आमच्यातल्या वकिलाने मला धीर दिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगून टाकलंय म्हणे, की सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं आणि त्यात अ‍ॅडमिनचा संगनमताने हात नसेल, तर अ‍ॅडमिनला त्याबद्दल जबाबदार धरता येत नाही. मी तो निकाल ग्रुपवर टाकला. खाली शिर्क्याचं उत्तर: ‘कोर्टानं सोडलं आसंल. आमी न्हाई सोडणार.’

2024 च्या लोकसभेला साताऱ्यात 7 मेला मतदान होतं. मतदान संपण्याआधीचे 48 तास प्रचार बंद, हे सगळ्यांना माहीत असतं. मी म्हटलं, आपणही पाळू. सेटिंगमध्ये जाऊन ‘फक्त अ‍ॅडमिनच मेसेज पाठवू शकतील’ करून टाकलं. काय ती शांतता! शाळेत पाहुणे आल्यावर व्हायची तशी. मी गॅसवर चहा ठेवला, आणि फोन थरथरायला लागला. ग्रुपवर बोलता येत नाही म्हटल्यावर सगळे माझ्या पर्सनलला आले होते. एकाच वेळी. कुणाला देश्याची तक्रार करायची होती, कुणाला शिर्क्याची, आणि शिर्क्याला विचारायचं होतं की आल्याचा भाव तरी टाकता येईल का.

‘पर्सनलला बोला’ हे वाक्य कुणी शोधून काढलं त्याला एकदा अ‍ॅडमिन करायला हवं. ग्रुपवर भांडण पेटलं की सगळे सुज्ञ हेच म्हणतात. भांडणारे एकमेकांच्या पर्सनलला जातात असा तुमचा समज असेल. छे! दोघेही माझ्याकडे येतात. माझ्या फोनमध्ये आता आईची औषधं, गॅसचा नंबर आणि मुलीचे फोटो शोधायला बासष्टच्या बासष्ट जणांच्या मनातलं ओलांडून जावं लागतं. नवरा पूर्वी चिडायचा. आता जेवताना विचारतो, ‘आल्याचं काय झालं?’

याच काळात सुन्याला कविता व्हायला लागल्या. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. रोज पहाटे पाच चाळीसला एक चारोळी, मागे उगवता सूर्य. नंदा नर्स आहे, रात्रपाळी करून पाचला आडवी होते. ती म्हणाली, ‘याला आवर, नाहीतर मी याचं बीपी तपासायला घरी जाईन.’ सुन्याचं म्हणणं, ‘मित्रांसमोर व्यक्त नाही व्हायचं तर कुठे व्हायचं?’ मला दोघंही पटली, हा माझ्यातला मोठा दोष.

तोडगा म्हणून त्याला वेगळी जागा दिली, ‘सुन्याचा कट्टा’. ज्यांना हवं ते तिथे जातील. चार जण गेले, त्यांतली एक मी. सुन्या खूश. दुसऱ्या दिवशी पाच चाळीसला मुख्य ग्रुपवर मेसेज: ‘कट्ट्यावर नवी चारोळी टाकली आहे. आस्वाद घ्यावा.’ सोबत सूर्य.

मग वैशालीला पाककृतींसाठी जागा हवी झाली, देश्याला शेअर बाजारासाठी. वकिलाच्या सूचनेवरून भांडणांसाठी ‘आखाडा’ काढला. तिथे काहीही बोला, कुठल्याही पक्षाबद्दल बोला, मी पुसणार नाही. देश्या आणि शिर्क्या पहिल्या तासात दाखल. दोघांनीही ‘नमस्कार’ लिहिलं. त्यानंतर आजतागायत आखाड्यात एक अक्षर नाही. बघायला कुणी नसेल तर शड्डू ठोकून करायचं काय?

ते परत मुख्य ग्रुपवर आले आणि एका रात्री बरंच पेटलं. पहाटे दोन दहाला देश्या ग्रुप सोडून गेला.

पूर्वी ग्रुप सोडणं म्हणजे विधानसभेतल्या सभात्यागासारखं असायचं. माणूस उठला की सगळ्यांना दिसायचं, मग मनधरणी, मग सन्मानाने परत. 2022 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने सोय केली: कोण गेलं याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला मिळते. त्यामुळे देश्या गेल्याचं एकट्या मला कळलं. दोन दिवस त्याने वाट पाहिली असावी. तिसऱ्या दिवशी फोन केला.

‘काय म्हणतायत सगळे?’

‘कशाबद्दल?’

‘मी गेलो त्याबद्दल.’

‘अरे, कुणाला कळलंच नाही.’

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘तू सांग ना.’

जुना मित्र. मी लिहिलं: ‘कळवण्यास वाईट वाटते की आपला देश्या आपल्याला सोडून गेला.’ आता वाटतं, वाक्यात ‘ग्रुप’ हा शब्द घालायला हवा होता. सुन्याने पहिल्यांदा वाचलं. भावपूर्ण श्रद्धांजली आणि चारोळी. पाठोपाठ नंदा, वैशाली, वकील. शिर्क्याने लिहिलं, ‘भांडायचा, पर मनानं निर्मळ व्हता.’ मी दुरुस्ती टाकेपर्यंत चाळीसेक हात जोडून झाले होते. दुरुस्ती कुणी वाचली नाही. तिच्याखालीही श्रद्धांजल्या येतच राहिल्या.

मी घाबरत घाबरत देश्याला फोन करून सगळं सांगितलं. वाटलं, हा आता कोर्टात खेचतो.

‘शिर्क्यानं असं लिहिलं?’ तो म्हणाला. आवाज जरा ओला वाटला. मग घसा साफ करून म्हणाला, ‘मला परत घे. आणि आधीचं दिसणार नाही ना मला? मग सगळे स्क्रीनशॉट पाठव.’

‘कशाला?’

‘कुणी कुणी टाकली नाही ते बघायचंय.’