चोखणी सोडवायचीय? आत्याबाईंना बोलवा

बाळाची चोखणी सोडवायचं ठरवलंत? छान. आता ही बातमी आधी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. गुपचूप सोडवलीत, तर गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंतच्या अनुभवी मंडळींनी काय करायचं?

मुहूर्त नीट बघा. दात येत असावेत, नाक गळत असावं आणि घरात पाहुणे असावेत.

चोखणीला कोरफड चोळा, कडुनिंब वाटून लावा. शेजारच्या काकू मिरची सुचवतात. त्यांच्या मुलाला म्हणे काही झालं नाही. (तो आता पस्तिशीचा आहे आणि मिसळीवर जादा तर्री मागतो, तेव्हा असेलही.) कोणी मध लावायला सांगेल. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत, बोट्युलिझम म्हणजे गंभीर विषबाधा होऊ शकते, असं म्हणून बघा. ‘आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही.’

टोक कात्रीने कापा. तुकडा सुटून घशात अडकला तर, असं विचारू नका. गुगलवाली आई म्हणतात.

नाहीतर रामकुंडात सोडा. तिथे काय सोडायचं राहिलंय?

पण रामबाण उपाय एकच, आत्याबाई. माझ्या नवऱ्याच्या. मुळात चोखणी लावली त्यांनीच. द्वारका चौकात गाडी पाऊण तास अडकली, चार महिन्यांची लेक रडायला लागली, तेव्हा पर्समधून काढून तोंडात दिली. बरं, दिली. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला झोपेपुरती असली तर एवढं काही नाही, पण सहा महिन्यांनंतर कमी करत न्या, कानाला इन्फेक्शन व्हायची शक्यता वाढते. पुढे दोन-तीन वर्षं चालूच राहिली, तर वरचे-खालचे पुढचे दात मिटेनासे होतात. म्हणून आता, 15 व्या महिन्यात, आधी दिवसाची बंद केली, मग रात्रीची. पहिल्या रात्री एक तास रडली. दुसऱ्या रात्री 40 मिनिटं. तिसऱ्या रात्री माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून दहा मिनिटांत झोपली. मीच रडले मग.

चौथ्या दिवशी, गेल्या रविवारी, आत्याबाई पंचवटीहून आल्या. मी आंघोळीला गेले. बाहेर आले तर घर शांत! लेकीच्या तोंडात नवी कोरी चोखणी, तिच्यावर पिवळं बदक. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेली. खाली पडली होती म्हणून स्वतःच्या तोंडात घालून ‘स्वच्छ’ केलेली. ‘पोर रडत होतं गं, बघवेना.’ आणि चहाचा दुसरा घोट घेऊन, माझ्याकडे बघत, ‘सव्वा वर्षाची झाली, अजून चोखणी? दात पुढे येतील हो!’

नवरा हसला. हसला!

अहो, बघवत नसेल तर बघू नका ना. दहा मिनिटं गॅलरीत जाऊन उभं राहा. रात्री दोनला ती उठते तेव्हा तुम्ही कुठे असता? तुम्ही पंचवटीत घोरत असता, हे माझ्या शेजारी घोरत असतात, आणि दात पुढे आले की आई निष्काळजी. विचारल्याशिवाय माझ्या मुलीच्या तोंडात काहीही घालायचं नाही. चोखणी नाही, मध नाही, बोट नाही. वय, नातं, अनुभव, काही सांगू नका मला.

आज परत पहिली रात्र आहे. फोन करू नका.