‘शंभर अधिक वय’ हे नॉर्मल बीपी नाही, आणि गोळीने किडनी जात नाही

‘बीपी हा आजारच नाही’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सोसायटीच्या, नातेवाइकांच्या आणि सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. शब्द इकडेतिकडे होतात, मजकूर तोच. शंभरात आपलं वय मिळवा, ते तुमचं नॉर्मल बीपी. पूर्वी १६० पर्यंत कुणी गोळी देत नसे, पण औषध कंपन्यांनी आकडा खाली खाली आणून धडधाकट माणसांचे पेशंट केले. त्रास होत नसेल तर गोळी कशाला? एकदा सुरू केली की जन्माची सवय लागते आणि शेवटी किडनी जाते. त्यापेक्षा लसूण, दुधीचा रस आणि सैंधव मीठ घ्या. खाली ‘जनहितार्थ जारी’ आणि हात जोडलेले इमोजी.

मी तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस करतो. हा मेसेज वाचून गोळ्या परस्पर बंद केलेली माणसं अधूनमधून समोर येऊन बसतात, म्हणून हे लिहिणं. मेसेजमधली काही वाक्यं अर्धी खरी आहेत. नुसतं ‘खोटं आहे हो ते’ म्हणून भागत नाही.

शंभर अधिक वय

हा हिशेब कुणी हवेतून काढलेला नाही. जुने डॉक्टर खरंच असं सांगायचे. वय वाढलं की धमन्या ताठर होतात, मग रक्त पुढे ढकलायला दाब वाढायलाच हवा, असा त्यामागचा विचार होता. साठीतल्या बहुतेकांचा दाब वाढलेला दिसे, तेव्हा तोच त्या वयाचा नॉर्मल धरला गेला. पण बहुतेकांना असणं वेगळं आणि निरोगी असणं वेगळं. साठीत बहुतेकांना चाळिशीचा चष्माही असतो, म्हणून कुणी ती नजर चांगली म्हणत नाही.

१९८८ मध्ये इंटरसॉल्ट नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३२ देशांतल्या ५२ ठिकाणी दहा हजारांवर लोकांचा रक्तदाब आणि लघवीतलं मीठ त्यात मोजलं होतं. ब्राझीलच्या जंगलातल्या यानोमामी लोकांच्या आहारात मीठ जवळजवळ नाहीच. त्यांचा सरासरी दाब निघाला साधारण ९५/६१, आणि वयाबरोबर तो वाढतही नव्हता. म्हणजे वयाबरोबर दाब चढणं हा शरीराचा अटळ नियम नाही. आपण ज्या तऱ्हेने खातो आणि जगतो, तिचा त्यात मोठा वाटा आहे.

आता ताठर धमन्यांचं बघू. हृदय दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत सोडतं. तरुणपणी ती धमनी ताणली जाते, तो धक्का पोटात घेते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात आकसून रक्त पुढे सरकवते. वयाबरोबर तिच्या भिंतीतले लवचिक तंतू झिजले की धक्का जिरत नाही. वरचा आकडा चढतो, खालचा उतरतो. म्हणून म्हाताऱ्या माणसांत १७०/७५ असं बीपी दिसतं आणि ‘खालचं तर नॉर्मल आहे ना’ असं म्हणून घरचे निवांत होतात. अमेरिकेत नेमक्या अशाच, साठीपुढच्या ४,७३६ लोकांवर शेप नावाची चाचणी झाली. वरचा आकडा १६० किंवा जास्त, खालचा ९० च्या आत. अर्ध्यांना स्वस्तातली लघवी वाढवणारी गोळी, गरज लागली तर जोडीला दुसरी, आणि बाकीच्यांना औषध नसलेली नुसती दिसायला सारखी गोळी. १९९१ मध्ये निकाल आला, औषध घेणाऱ्या गटात पक्षाघात ३६ टक्के कमी. ऐंशीच्या पुढच्यांचं काय, हा प्रश्न २००८ च्या हायवेट चाचणीने सोडवला. तिथे मृत्यूच २१ टक्के कमी झाले आणि चाचणी ठरल्यापेक्षा आधी थांबवली गेली.

कंपन्यांनी आकडा खाली आणला

पूर्वी गोळी देत नसत, कारण देण्यासारखी गोळीच नव्हती.

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. १९३७ मध्ये त्यांचा दाब १६२/९८ होता, १९४१ मध्ये १८८/१०५. त्यांचे खाजगी डॉक्टर नाक-कान-घशाचे तज्ज्ञ होते आणि अध्यक्षांची तब्येत वयाच्या मानाने छान आहे असं ते पत्रकारांना सांगत राहिले. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने तपासलं तेव्हा हृदय मोठं झालेलं होतं आणि थकत चाललं होतं. हाताशी होतं ते हृदयाला जोर देणारं डिजिटॅलिस हे जुनं औषध, मीठ कमी आणि विश्रांती. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. वय ६३. शेवटचा मोजलेला दाब ३०० च्या वर होता. वयाच्या मानाने छान म्हणण्याची सवय एवढ्या मोठ्या माणसाला भोवली, आणि तेव्हा तर कुठली औषध कंपनी मध्ये नव्हती.

तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात सरकारी पैशाने अभ्यास सुरू झाला. गावातल्या पाच हजारांवर लोकांना वर्षानुवर्षं तपासत राहायचं, बस. दाब जितका वर, तितके हृदयविकार आणि पक्षाघात जास्त, हे त्यातून दिसलं. पहिली मोठी औषधचाचणीही अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळांत झाली. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष होते. १९६७ चा निकाल असा, की बिनऔषधाच्या गटात गंभीर घटना २७ आणि औषधाच्या गटात २.

कंपन्या साधुसंत आहेत असं माझं म्हणणं नाही. २०१७ मध्ये अमेरिकन संघटनांनी व्याख्या १३०/८० वर आणली तेव्हा जगभर वाद झाला आणि तो रास्त होता. आपल्याकडे बहुतेक डॉक्टर आजही १४०/९० हीच रेघ धरतात. १३४ ला लगेच गोळी द्यावी का, यावर दोन अनुभवी डॉक्टरांचं दुमत होऊ शकतं. १७० वर होणार नाही. मेसेज लिहिणाऱ्याने या दुमताचा आडोसा घेऊन १७० वाल्यालाही घरी बसवलंय. शिवाय आज दिल्या जाणाऱ्या ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांची पेटंट कधीच संपलीत, जनऔषधी दुकानात त्या चहाच्या भावात मिळतात.

त्रास नाही, मग आजार कसला

डोकं दुखतं म्हणजे बीपी वाढलं, हा समज पक्का बसलाय. बहुतेकांना काहीही होत नाही. चक्कर नाही, डोकेदुखी नाही. मात्र आत काय चाललंय ते एका जागी उघड्या डोळ्यांनी बघता येतं. बाहुली मोठी करायचे थेंब घालून डोळ्याचा पडदा पाहिला की शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या चिरफाड न करता थेट दिसतात. अनेक वर्षं दाब चढलेला असेल तर धमन्या अरुंद झालेल्या असतात, भिंत जाड होऊन तांब्याच्या तारेसारखी चकाकते, आणि धमनी जिथे शिरेवरून जाते तिथे खालची शीर चेपलेली दिसते. आणखी पुढे गेलं तर कापसाच्या बोळ्यासारखे पांढरट डाग आणि रक्ताचे ओरखडे. चष्म्याचा नंबर काढायला गेलेल्या माणसाचं बीपी कित्येकदा डोळ्यांच्या डॉक्टरलाच पहिल्यांदा कळतं.

जे पडद्यावर दिसतं तेच मेंदूच्या खोल भागातल्या बारीक धमन्यांत चालू असतं. हृदयाचा डावा कप्पा जादा दाबाविरुद्ध काम करून जाड होतो. जाड झालेला स्नायू नीट सैल पडत नाही, मग रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं आणि जिना चढताना धाप लागते. त्रास सुरू झाला तो इथे. तोवर दहा-पंधरा वर्षं गेलेली असतात.

गोळीने किडनी जाते

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलंय, म्हणून इथे जरा थांबू.

एका किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ. त्यात रक्त आणणारी एक छोटी धमनी आणि बाहेर नेणारी दुसरी. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला जवळपास १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतात. ही गाळणी दाबावर चालते, त्यामुळे दाब बिघडला की तिला पहिला फटका बसतो. रक्त आणणाऱ्या धमनीची भिंत जाड होत जाते, आतली वाट अरुंद होते. काही गुच्छ उपाशी पडून सुकतात. त्यांचं काम उरलेल्यांवर येतं, त्यांच्यात दाब आणखी वाढतो आणि त्यातून प्रथिनं गळायला लागतात. लघवीला फेस राहतो तो बऱ्याचदा याचाच. मेलेली गाळणी पुन्हा तयार होत नाही. त्यात आजारी किडनी मीठ धरून ठेवते आणि रेनिन नावाचं दाब वाढवणारं रसायन सोडून बीपी आणखी वर नेते. बीपीने किडनी बिघडते आणि बिघडलेली किडनी बीपी वाढवते, असा हा फेरा आहे.

आता गैरसमज कसा होतो ते पाहा. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, त्यावरून किडनीचं काम जोखतात. ते किडनीचं निम्मं काम बंद पडेपर्यंत जागचं हलत नाही. माणूस दहा वर्षं बिनगोळीचा हिंडतो, मग कधीतरी गोळी सुरू होते, आणि दोन-तीन वर्षांनी क्रिएटिनिन वाढलेलं सापडतं. घरच्यांना गोळी आठवते. आधीची दहा वर्षं कुणी मोजलेलीच नसतात.

दुसरं कारण जास्त बारीक आहे, आणि ते पेशंटला आम्ही डॉक्टर आधी सांगत नाही, ही आमची चूक. ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असतं, त्या गुच्छातून रक्त बाहेर नेणारी धमनी सैल करतात. गुच्छातला दाब उतरतो. गाळणं थोडं मंदावतं, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन किंचित वर जाऊ शकतं. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ चालते, त्यापुढे मात्र शोध घ्यावा लागतो. रिपोर्ट हातात पडला की घाबरून गोळी बंद होते. वास्तविक दाब उतरल्यामुळेच पुढे गुच्छ टिकतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रीनाल चाचणीत मधुमेहाने किडनी बिघडलेले १,५१३ पेशंट होते. त्यात लोसार्टन घेणाऱ्यांत किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका २८ टक्के कमी निघाला. ज्या गोळीवर आरोप आहे, ती किडनी वाचवायला दिली जाते.

या गोळ्या बिनधोक नाहीत. पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं. जोराचे जुलाब-उलट्या होत असतील तर त्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, डॉक्टरला फोन करायचा. गरोदरपणात चालत नाहीत.

किडनी घालवणारी गोळी शोधायचीच असेल तर ती गुडघ्यासाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली असते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफिनॅक. महिनोन्महिने रोज घेतात आणि बीपीची तेवढी सोडतात! घटक न छापलेल्या पुड्या आणि भस्मंही त्याच यादीत.

सवय लागते

सवय लागली म्हणजे गोळी मिळाली नाही की जीव कासावीस होतो. इथे तसं काही नाही. गोळी सोडली की दाब पूर्वपदावर जातो, कारण मूळ कारण जागेवरच असतं. ॲटेनोलॉल, क्लोनिडिनसारख्या काही गोळ्या एकदम बंद केल्या तर त्रास होतो, त्या हळूहळू कमी करायच्या असतात. आणि गोळी कमी होतही असते. वजनात किलोमागे दाब साधारण एका अंकाने उतरतो. मीठ कमी केलं, दारू सोडली, की काहींची मात्रा निम्म्यावर येते.

लसूण, दुधी, सैंधव

लसणाने दाब थोडासा उतरतो असं काही अभ्यासांत दिसलंय, चटणी खुशाल खावी. दुधीचा रस कडू लागला तर एक घोटही घेऊ नये, कडू दुधीतल्या विषाने माणसं दगावली आहेत. सैंधव हे मीठच, सोडियम क्लोराइडच. उपासाला चालतं म्हणून किडनीला ते वेगळं वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम आहे, आणि आपल्याकडे भाजीतलं मीठ मोजताना पापड, लोणचं, फरसाण, किनारपट्टीवरची खारवलेली सुकी मासळी हिशेबातच धरत नाहीत.

वनस्पतीचं वावडं कुणालाच नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरचा परिणाम पेशंटमध्ये मोजून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. पाश्चात्त्य वैद्यकाने तो हातोहात उचलला. त्या मुळीतून रेसरपिन निघालं आणि ते जगभर वापरलं गेलं. पुढे काहींना नैराश्य येतं असं दिसलं, जास्त सोयीची औषधं आली, तसं ते मागे पडलं. पहिली ‘प्रिल’ गोळी, कॅप्टोप्रिल, ब्राझीलच्या एका सापाच्या विषावरच्या अभ्यासातून निघालेली आहे. मुळी असो की विष, दाब मोजून दाखवला म्हणून ते स्वीकारलं गेलं. दुधीच्या रसाबद्दल तसं कुणी दाखवलेलं नाही.

एक मुद्दा बरोबर

दवाखान्यात एकदा मोजून पेशंटचा शिक्का मारू नये, असंही मेसेजच्या एका आवृत्तीत आहे. कबूल. जिना चढून आलेल्या, बोलत बसलेल्या माणसाच्या शर्टावरूनच पट्टा बांधला तर आकडा दहा-वीसने सहज चढतो. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू नाही. दोनदा मोजायचं. घरच्या दंडाला बांधायच्या मशीनवर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर बीपी आहे असं धरायचं. गोळी चालू असलेल्या वडीलधाऱ्यांचं उभं राहिल्यावरही मोजावं. वरचा आकडा वीस किंवा जास्त पडत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर मात्रा कमी करायला हवी. हे आकडे वहीत लिहा आणि ती वही घेऊन डॉक्टरकडे जा. बघायला वेळ नाही म्हणाले तर डॉक्टर बदला, गोळी मात्र परस्पर बंद करू नका.