काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर: मटका, मल्टी आणि माझं चुकलेलं भाकीत

काका, नमस्कार.

तुम्ही प्रतिक्रियेत वय बहात्तर लिहिलंत, म्हणून काका म्हणतेय. माझ्या 'यंदाची फूटी: खात्रीच्या पाच पैजा' या लेखाखाली (फूटी म्हणजे इथला ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल) तुम्ही बरंच काही सुनावलंत. ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी सार सांगते. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, मी ॲडलेडच्या संघाला तेराव्या नंबरवर बसवलं आणि ते साखळीत पहिले आले, तर यंदा माझं कुणी का ऐकावं? दुसरं म्हणजे हा सगळा मटकाच, फक्त इंग्रजी कपड्यातला. लालबागच्या चाळीत मटक्यापायी बसलेली घरं तुम्ही पाहिलीत, आणि शिकल्यासवरल्या मुलीनं मेलबर्नमध्ये बसून मराठीतून त्याची जाहिरात करावी याचं तुम्हाला वाईट वाटलं. शिवाय हे सामने आधीच ठरलेले असतात अशी शंका. आणि जाता जाता टोमणा: नेम चुकला तरी एक गुण देणाऱ्या खेळात भाकीत कसलं करता!

उत्तराला चार दिवस लागले, कारण पहिलं उत्तर रागात लिहिलं होतं. ते पुसलं.

ॲडलेडचं आधी. चूक माझीच, पण कशी झाली ते सांगण्यासारखं आहे. २०२४ मध्ये ते अठरा संघांत पंधरावे होते. जिंकलेले सामने फक्त आठ. पण इथं गुणतक्त्यात एक 'पर्सेंटेज'चा रकाना असतो: संघानं केलेले गुण भागिले त्याच्यावर झालेले गुण, गुणिले शंभर. ॲडलेडचा तो आकडा शंभराच्या अगदी जवळ होता. म्हणजे जितके गुण दिले जवळपास तितकेच केले, आणि तरी तळात, कारण थोडक्यात हरलेले सामने फार. वेळापत्रकाचंही गणित त्यांच्या बाजूनं होतं. प्रत्येक संघ तेवीस सामने खेळतो आणि प्रतिस्पर्धी सतराच, तेव्हा सहा जणांशी दोनदा गाठ पडते. ते सहा कोण, हे ठरवताना आदल्या वर्षीचा क्रमांक बघितला जातो आणि खालच्यांना त्यातल्या त्यात सोपी वाट मिळते. हे दोन्ही मला ठाऊक होतं. मी पोटापाण्यासाठी लोकांचे टॅक्स रिटर्न भरते हो, रकाने वाचणं हेच माझं काम. तरी तेरावा नंबर दिला, कारण त्यांचे हरलेले सामने डोळ्यांसमोर होते आणि रकाना डोळ्यांसमोर नव्हता.

पण काका, गोष्ट तिथं संपत नाही. साखळीत पहिलं आलेलं हेच ॲडलेड साखळीनंतरच्या टप्प्यात आधी कॉलिंगवूडकडून हरलं, मग हॉथॉर्नकडून, आणि दुसऱ्याच आठवड्यात घरी. 'ॲडलेड चॅम्पियन' म्हणणाऱ्यांचंही हसंच झालं.

आणि रकाना वाचला की सगळं कळतं, असंही नाही. २०२२ मध्ये कॉलिंगवूडनं सोळा सामने जिंकले, त्यातले कितीतरी शेवटच्या दोन मिनिटांत. पर्सेंटेज जेमतेम १०४. माझ्यासारख्या सगळ्या हिशेबी लोकांनी सांगितलं, हे नशीब आहे, पुढच्या वर्षी उतरेल. पुढच्या वर्षी ते साखळीत पहिले आले आणि चॅम्पियनही झाले. त्या बाद फेरीतले त्यांचे तीन विजय सात, एक आणि चार गुणांचे. मिळून बारा, म्हणजे दोन गोल. २०२४ मध्ये मात्र ते नववे, बाद फेरीच्या बाहेर. तेव्हा माझा एक मित्र म्हणाला, बघ, तुझं भाकीत खरं ठरलं, फक्त वर्ष चुकलं. असं म्हणायचं तर गल्लीतला पोपटवालाही कधी चुकत नाही.

तुमच्या टोमण्याचं उत्तरही कॉलिंगवूडच्या त्या विजयाच्या वर्षात आहे. उंच दोन खांबांमधून चेंडू गेला की गोल, सहा गुण. बाजूच्या बुटक्या खांबाच्या आतून गेला की 'बिहाइंड', एक गुण. २०२३ च्या अंतिम सामन्यात ब्रिस्बेनचे गोल तेरा, कॉलिंगवूडचे बारा. पण कॉलिंगवूडचे बिहाइंड अठरा आणि ब्रिस्बेनचे आठ. हिशेब: ९०–८६. ज्यांचे गोल कमी, ते चॅम्पियन. तुम्हाला हे हास्यास्पद वाटतं, मला त्यात अर्थ दिसतो. अठरा वेळा नेम चुकला, म्हणजे अठरा वेळा चेंडू तिथवर पोचला होता. क्रिकेटमध्ये बॅटला चाटून गेलेल्या चेंडूंना काही मिळत नाही, इथं मिळतं, एवढंच.

मग भाकीत करायचं कशाला? इथं मला माझी खरी चूक कबूल करायची आहे, आणि ती ॲडलेड नाही.

मेलबर्नच्या क्लेटन उपनगरात मोनॅश विद्यापीठ आहे. आपले बरेच मराठी विद्यार्थी तिथं शिकतात. १९९५ पासून तिथं फूटीच्या भाकितांची एक स्पर्धा चालते. पैशाचा संबंध नाही. ऑफिसांतल्या टिपिंगमध्ये फक्त कोण जिंकणार ते सांगायचं असतं. इथं किती टक्के खात्री आहे तेही सांगावं लागतं. ५० टक्के म्हटलंत तर शून्य गुण, निकाल काहीही लागो. ६० टक्के म्हटलंत आणि बरोबर आलं तर साधारण पाव गुण मिळतो, चुकलं तर पावाहून जरासा जास्त जातो. ९० टक्के म्हणून बरोबर आलात तर ०.८५ मिळतात, चुकलात तर २.३ जातात. आणि ९९ टक्के म्हणून चुकलात तर एका फटक्यात साडेपाचाहून जास्त. शंभर टक्के म्हणायचं आणि चुकायचं, याला उणे अनंत गुण. लघुगणकाचं साधं सूत्र आहे, पण मी पाहिलेला नम्रतेचा याहून कडक मास्तर नाही. पहिल्या वर्षी ऑफिसात मी दुसरी होते, आणि मोनॅशच्या तक्त्यात माझे गुण उणे होते. कारण एकच. आवडत्या संघाला ८५-९० टक्के देत सुटायची सवय. या खेळात ज्याचं पारडं जड तो संघसुद्धा तीनातला एक सामना हरतोच.

तर मग मी लेखाला 'खात्रीच्या पाच पैजा' असा मथळा कसा दिला? वाचक यावेत म्हणून दिला. दुसरं काही कारण नाही.

आता मटका. खरं सांगते, हा शब्द वाचून मला झोंबलं. मी इथं कायदेशीर ॲपवर, पगारातून, ठरवून ठेवलेले थोडेसे पैसे लावते. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या आकड्यांवर आणि नंतर मडक्यातून काढलेल्या आकड्यांवर घर उधळणाऱ्यांशी माझी तुलना? म्हणून तुम्हाला खोटं पाडायला वही घेऊन बसले.

मटक्यात एकेरी आकडा लावला तर दहातली एक संधी. लागला तर साधारण नऊपट मिळायचे. म्हणजे शंभर रुपयांमागे सरासरी दहा रुपये मटकेवाल्याचे. आता इथली साधी पैज. दुबळ्या संघाला कागदावर आगाऊ गुण देऊन दोन्ही बाजू सारख्या केलेल्या असतात आणि दोन्हीकडे भाव १.९० च्या आसपास, म्हणजे जिंकलात तर एका डॉलरचे १.९० परत. दोन्हीकडे शंभर-शंभर लावले तर दोनशे जातात, एकशे नव्वद परत येतात. कंपनीचे पाच टक्के. इथवर मी खूश, मटक्याच्या निम्मं. ज्याला यातून निव्वळ बरोबरीत सुटायचं त्यालाही शंभरातल्या ५३ पैजा बरोबर याव्या लागतात, हे वेगळं.

मग माझ्याच लेखातली पाचवी 'खात्री' घेतली: चार सामन्यांची मल्टी. मल्टीत चारही निकाल बरोबर यावे लागतात आणि भावांचा गुणाकार होतो. १.९० चार वेळा गुणलं की तेरा. पण चार सारख्या नाण्यांचा छापा एकदम पडायची संधी सोळात एक, म्हणजे न्याय्य भाव सोळा. सोळाच्या जागी तेरा. शंभरामागे जवळजवळ एकोणीस गेले.

काका, मटक्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि ॲप उघडलं की सगळ्यात वर, सगळ्यात रंगीत, हीच मल्टी. एकाच सामन्यातल्या गोष्टी जोडून केलेली मल्टी तर आणखी अवघड, कारण अमक्यानं तीन गोल मारणं आणि त्याचा संघ जिंकणं या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या. त्यांचा भाव कंपनीनं कसा काढला हे वही घेऊनही तपासता येत नाही. मी ती पैज मराठीतून, हसऱ्या चेहऱ्याच्या चित्रासकट, 'मजेत खेळा' म्हणून दिली होती. तुमचा मटक्याचा आरोप तेवढ्यापुरता सौम्यच होता.

पूर्ण मोसमावर, म्हणजे मार्चमध्येच 'सप्टेंबरात चॅम्पियन कोण' यावर लावायची पैज माझ्या मते याहून शहाणी नाही. अठरा संघांचे भाव उलटे करून (एक भागिले भाव) टक्क्यांत मांडा आणि बेरीज करा, ती शंभराच्या बरीच वर जाते. वरचं सगळं कंपनीचं. शिवाय पैसे सहा महिने अडकलेले.

माझा हिशेबही देते, लपवण्यासारखं काही नाही: गेल्या मोसमात लावले २४० डॉलर, परत आले १८७. त्रेपन्न गेले. वर्षाला अशा रकमेत मी शनिवारी दुपारी ओरडायचा हक्क विकत घेते असं आजवर स्वतःला सांगत आले. अजूनही तसंच वाटतं. पण ही माझी सवय आहे, सल्ला नव्हे, आणि लेखात मी दोन्हींची सरमिसळ केली.

सामने ठरलेले असतात का, याबद्दल मात्र तुमच्याशी सहमत नाही. २०१९ मध्ये कॉलिंगवूडच्या एका तरुण खेळाडूनं स्वतःच्या संघाच्या सामन्यांवर पैजा लावल्याचं उघड झालं. एकूण रक्कम छत्तीस डॉलर. शिक्षा: वीस हजार डॉलर दंड आणि बावीस सामन्यांची बंदी, त्यातले बारा स्थगित. एवढी कडक शिक्षा करणाऱ्या लीगला मात्र पैजांच्या धंद्यातून स्वतःचा वाटा मिळतो, आणि टीव्हीवर सामन्याआधी भाव ऐकल्याशिवाय खेळ सुरू होत नाही. २०२३ मध्ये इथल्या संसदेच्या समितीनं, पीटा मर्फी यांच्या अध्यक्षतेखाली, ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं पूर्ण बंद करा अशी शिफारस केली होती. शिफारशी एकूण एकतीस. त्याच डिसेंबरात मर्फी वारल्या. क्रेडिट कार्डावर ऑनलाइन पैज लावायला जून २०२४ पासून बंदी आली, ते बरं झालं.

तुम्ही लिहिलंत की माझ्या लेखाची लिंक तुम्हाला मुलाच्या फोनवर दिसली, आणि तो इथंच असतो. मी काही गृहीत धरत नाही, वाचणारे सगळेच लावणारे नसतात. पण कधी गरज वाटली तर 'बेटस्टॉप' नावाची सरकारी नोंदवही आहे, ऑगस्ट २०२३ पासून. माणूस स्वतःहून त्यात नाव घालतो आणि मग परवाना असलेल्या सगळ्या ऑनलाइन कंपन्यांना त्याचं खातं बंद करावं लागतं. नाव त्यालाच घालावं लागतं, बापाला घालता येत नाही. लेखात मी पाच पैजा सांगितल्या आणि हे सांगितलं नाही.

तर लेखात बदल केले आहेत. मथळा आता 'यंदाची फूटी: माझे अंदाज, टक्क्यांत'. जुना मथळा खाली रेघ मारून ठेवलाय, पुसलेला नाही. मल्टीचा परिच्छेद काढला आणि तिथं वरचा तेरा-सोळाचा हिशेब टाकला. भाव सगळे काढले.

अंदाज मात्र ठेवले आहेत, कारण त्यांची मला लाज वाटत नाही. ब्रिस्बेननं २०२४ आणि २०२५ असं लागोपाठ दोनदा जिंकलं. सलग तिसऱ्यांदा जिंकायला मी त्यांना २० टक्के देते. २०१३ ते १५ मध्ये हॉथॉर्ननं ते केल्यावर कुणाला जमलेलं नाही. आणि २०२४ चं ब्रिस्बेन पहिले तीन सामने हरून, पाचवं येऊन, बाद फेरीत ४४ गुणांनी मागे पडून जिंकलं होतं, हे विसरून २० च्या खाली जाववत नाही. पेट्राका हा खेळाडू आल्यामुळे गोल्ड कोस्टला ११. कार्लटनचा खेळाडू कर्नो सिडनीला गेला, त्यांना ९. ॲडलेडला ९, यंदा रकाना बघून. यंदापासून, म्हणजे २०२६ पासून, सातवा ते दहावा क्रमांक यांच्यात आधी 'वाइल्डकार्ड', म्हणजे बाद फेरीत शिरण्यासाठीचे, सामने आहेत, त्यामुळे माझे 'पहिल्या आठात' वाले जुने अंदाज दहापर्यंत ताणून पुन्हा मांडावे लागले. ते काम अर्धंच झालंय, रविवारपर्यंत पुरं करते.

पहिला सामना मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे, सिडनीत, कार्लटनविरुद्ध. कर्नो आपल्या जुन्या संघासमोर. मी सिडनीला ६४ टक्के दिलेत. तुम्हाला पटत नसेल तर गुरुवारच्या आत तुमचा आकडा खाली लिहा. मोनॅशच्या सूत्रानं दोघांचे गुण मी काढते, पैसे नाहीत. फक्त शंभर लिहू नका.