मांडीवर कुत्रं, हातात स्टिअरिंग

आज सिग्नलला शेजारच्या गाडीत जे पाहिलं, त्यानंतर डोकं अजून शांत झालेलं नाही. गाडी चालवणाऱ्याच्या मांडीवर कुत्र्याचं पिल्लू, त्याचे पुढचे दोन्ही पाय खिडकीच्या कडेवर. आणि त्या माणसाने स्वतःचा सीट बेल्ट मात्र नीट लावलेला! मी काच खाली करून म्हटलं, "मागे बांधून बसवा हो त्याला." तर हसत म्हणाला, "मागे बसवला की सगळी सीट खराब करतो."

सीट!

एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते आणि ती बनवलेली असते मोठ्या माणसाच्या छातीसाठी. स्टिअरिंग आणि छाती यांच्या मध्ये बसलेल्या त्या एवढ्याशा जिवाचं काय होईल, हे मला लिहवतही नाही.

आमच्या कुत्रीचं, झिपरीचं सांगते. ती मागच्या सीटवर होती, अंगात हार्नेस, म्हणजे छातीभोवती घालायचे पट्टे, हार्नेसचा आखूड पट्टा सीट बेल्टच्या खाचेत अडकवलेला. अचानक एक सायकलवाला मुलगा आडवा आला आणि नवऱ्याने करकचून ब्रेक दाबला. झिपरीच्या शेजारी तिची पाण्याची स्टीलची बाटली पडली होती. ती दोन सीटच्या मधून सुसाट पुढे आली आणि डॅशबोर्डवर अशी आदळली की तिथे खोक पडली. झिपरी जागच्या जागी. पट्टा ताणला गेला, ती जराशी कण्हली आणि पुन्हा बसली. बाटली एक लिटरची. झिपरी २५ किलोची.

ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून थांबली, तरी आतलं मोकळं कुत्रं त्याच वेगाने पुढे जातं. तो मार जवळजवळ १० मीटर उंचीवरून पडण्याइतका असतो. म्हणजे तिसरा मजला. आणि ते ज्याच्यावर आदळेल, त्याचं काय?

आणि हो, गळ्यातल्या पट्ट्याला बांधून "आम्ही बांधतो की" म्हणू नका. झिपरीला तो झटका गळ्याला बसला असता तर? हार्नेस छातीवर ताण घेतो, म्हणून तोच हवा, तोही रुंद आणि जाड. हार्नेसचा पट्टा इतकाच लांब ठेवा की कुत्र्याला उठता-बसता येईल, पण पुढच्या सीटपर्यंत पोचता येणार नाही.

मान्य, सुरुवातीला कुत्री बांधून घ्यायला कुरकुरतात. झिपरीनेही पट्टा चावला होता. मग आम्ही उभ्या गाडीतच तिला हार्नेस घालून बसवायचो, खाऊ द्यायचो आणि उतरवायचो. आता हार्नेस दिसला की स्वतःहून मान पुढे करते. इतकं गोड दिसतं ना ते!

आता त्या लाडक्या सीटबद्दल. पुढच्या आणि मागच्या हेडरेस्टला अडकवायचं झोळीसारखं कव्हर मिळतं. बेल्टसाठी चिरा असलेलं घ्या, म्हणजे पट्टा त्यातून काढता येतो. कुत्रं बांधलेलं असलं की चिखलाचे पाय त्या कव्हरवरच राहतात, गाडीभर उमटत नाहीत. केसांसाठी रबरी हातमोजा ओला करून एकाच दिशेने फिरवा, गोळे होऊन निघतात. सू झाली तर आधी टिपून घ्या, चोळू नका, मग एन्झाइमवालं, म्हणजे सूचे घटक तोडून वास घालवणारं क्लीनर. अमोनियाचं नको, त्याचा वास सूसारखाच येतो आणि कुत्रं पुन्हा तिथेच करतं. उलटी करणाऱ्याला निघण्याआधी तीन-चार तास पोटभर खायला देऊ नका. झालं! एवढ्यासाठी जीव धोक्यात घालायचा?

काही जण तर सीट वाचवायला कुत्र्याला बंद डिकीत टाकतात. अशांशी मला बोलायचंच नाही. आणि "पाचच मिनिटांत येतो" म्हणून उन्हात गाडीत कोंडून जाणारे, तुम्हीही ऐका. बाहेर २४ अंश असलं तरी बंद गाडीत १० मिनिटांत ३४ च्या आसपास होतं. काच बोटभर उघडी ठेवून काहीही फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं, आणि आतली हवाच तापली की धापांनी काय होणार?

"आमचा तर एकदम शांत बसतो" असं कमेंटमध्ये लिहिणार असाल, तर झिपरीची बाटलीही शांतच पडली होती.

हार्नेस घेताना जातीवरून अंदाज करू नका. पुढच्या पायांच्या मागून छातीचं माप टेपने घ्या, आणि घातल्यावर आत दोन बोटं जातील इतकाच सैल ठेवा. जमत नसेल तर घातलेला फोटो मला पाठवा, कुठे आवळायचा ते मी सांगते.