पडलेल्याला शेपटी

परवा रविवारी पावणेपाचला माझा वज्रसेन गेला. अडीच वर्षं जपलेला, ११व्या लेव्हलचा पॅलाडिन (म्हणजे धर्मयोद्धा), आणि मारला कोणी तर माझ्या सासऱ्यांनी. तेही आगीने नाही. शेपटीने.

डंजन्स अँड ड्रॅगन्स माहीत नसेल तर एवढंच, की एक जण गोष्ट चालवतो (आमच्यात निख्या, तो डंजन मास्टर), बाकीचे एकेक पात्र घेतात आणि वार लागला की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. सहा नोकरदार माणसांचा हा एक रविवार जुळायला तीन महिने लागले होते, आणि त्यात लाल ड्रॅगनची गुहा, जिच्यासाठी आम्ही गेल्या वर्षभर नुसते डोंगर चढत होतो.

सासरे आलेले मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. काळा चष्मा, हातात पोह्यांची बशी, रिटायर होण्याआधी सहकार खात्यात लेखापरीक्षक. "मी नुसता बसतो, तुमचं चालू द्या." हे वाक्य कानावर आलं की समजायचं, दुपार गेली.

"कधीपासूनचा खेळ आहे हा?"

म्हणलं बाबा, १९७४. अमेरिकेत गायगॅक्स आणि आर्नेसन म्हणून दोघांनी काढला.

"चौऱ्याहत्तर? आम्ही तेव्हा बहात्तरच्या दुष्काळातून उठत होतो हो. रेशनचा मिलो, ती अमेरिकेची लाल ज्वारी, खाल्लाय आम्ही. आणि हे ड्रॅगन करत बसले." जसं काही तो मिलो मीच पाठवलेला.

"तर हा तांबडा झोपलाय. स्वतःच्या घरात. आणि तुम्ही रात्रीचे हत्यारं घेऊन आत. किती जण?"

"पाच."

"चार असता तर जबरी चोरी. पाच झाले की दरोडा."

निख्या खूश होऊन हसला. मला तिथेच कळायला हवं होतं.

पुढे साठा किती, तर सोन्याची ६०,००० नाणी. नियमात ५० नाण्यांचं वजन एक पौंड, हे निख्याने कौतुकाने सांगितलं आणि बाबांनी घास तोंडात असतानाच हिशोब केला, १२०० पौंड, म्हणजे साडेपाचशे किलोच्या आसपास. "वाहतुकीचा खर्च कुठे धरलाय?" अडीच वर्षांत आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात हा प्रश्न आला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला राग त्याचाच जास्त आला. मग आमच्या सामानाची यादी मागवली. "यात ३०० मोहरांचा हिरा दिसतोय. दाखवा." आमच्यात पडलेल्यांना उठवण्याचं काम पूजाकडे, तिने पानं चाळली. तो हिरा आमच्या चोराने गेल्या दिवाळीत विकून घोडे घेतले होते, आणि घोडे कुठे बांधले ते कुणालाच आठवेना. "आक्षेप," म्हणाले, आणि माझ्या कॅरॅक्टर शीटच्या समासात लिहिलं. पेनने! आम्ही तिथे पेन्सिलसुद्धा हलक्या हाताने चालवतो.

या खेळात ड्रॅगनच्या ठरलेल्या जाती आहेत. लाल, निळा, हिरवा, काळा, पांढरा हे पाच दुष्ट. सोनं, चांदी, कांसं, पितळ, तांबं हे पाच चांगले. लाल आग ओकतो, निळा वीज, काळा ॲसिड, पण मला विचाराल तर सगळ्यात भयंकर तो चांगल्यातला पितळी. त्याला गप्पांचं व्यसन. कोणी न बोलता निघालं तर तो झोपेचा वायू सोडतो, आणि माणूस जागा होतो तेव्हा गळ्यापर्यंत वाळूत पुरलेला असतो, आणि हा समोर बसून बोलतोय. मी रविवारी दोन तास वाळूत होतो.

मग निख्याला अवदसा आठवली. "काका, ड्रॅगन तुम्हीच चालवा ना."

लाल ड्रॅगनची आग म्हणजे सहाचे १८ फासे. आमच्याकडे ११ होते, म्हणून बाबांनी कपाटातून लेकीचा जुना ल्युडो आणि व्यापारचा डबा काढायला लावला आणि सगळे फासे वाडग्यात घालून खुळखुळवले. आतून सासूबाई ओरडल्या, घरात फासे खेळू नका, भांडणं लागतात. ५८ पडले. आग परत यायला दर पाळीला पाच किंवा सहा पडावा लागतो. बाबांना सहा पडला. आता ७१. वज्रसेन आडवा.

पडलेला लगेच मरत नाही. आपल्या पाळीला विसाचा फासा टाकायचा, तीन वेळा हुकला तरच मेला. मी टाकला. एक आला. एक आला की दोन हुकले असं धरतात. तरी पूजा पुढच्या पाळीला उठवणारच होती.

"हे शेपटीचं काय लिहिलंय?" बाबांनी चष्मा वर करून विचारलं.

निख्या म्हणाला, दुसऱ्याची पाळी संपली की ड्रॅगन मधेच एक शेपटी मारू शकतो.

"जास्तीची? फुकट?"

"हो काका."

"मग घ्या की."

"बाबा, पडलेल्याला मारत नाहीत हो!"

"नियमात आहे का तसं?"

नियमात नाही. मेलेल्याला मिनिटभरात उठवायचा मंत्र मात्र नियमात आहे, पूजाला तो येतोही, फक्त त्याला ३०० मोहरांचा हिरा लागतो. बाबांनी काही न बोलता समासातल्या आक्षेपाखाली एक रेघ मारली.

बायको हसून हसून रडली. "अरे खेळच आहे ना तो." हेच मला सहन होत नाही. याच माणसांनी शनिवारी आठ तास क्रिकेट बघितलं, विकेट पडली तर बाबा जेवले नाहीत, तेव्हा कोणी म्हणलं का खेळच आहे ते? रमीत रात्र घालवली तर माणूस रसिक, फासे घेऊन चार तास बसला की पोरकट. तीन महिन्यांतून एक रविवार मागतो मी. एक. पुढचा रविवार तर ग्रुपवर दहा मिनिटांत ठरला, कारण "काका असेपर्यंत उरकून घेऊ."

निघताना बाबा फासे डब्यात मोजून भरत होते. "सतराच आहेत."

कोणी हलेना, आणि ते कोणाला हलू देईनात. शेवटी आमचा जादूगार, चोर, पूजा, निख्या सगळे मोबाईलचे टॉर्च लावून सोफ्याखाली. मी मेलो होतो, तरी मलाही वाकायला लावलं.