मेंढीची कांडी म्हणजे गायीची कांडी नव्हे

गेल्या दोन महिन्यांत हा निरोप मला निदान दहा जणांनी पाठवला. कुणी दौंडहून, कुणी शिरूरहून, कुणी थेट पुण्यातून, म्हणजे ज्यांच्या घरी आता एकही मेंढरू उरलेलं नाही अशांनीसुद्धा. मजकूर साधारण असा: एडका (नर मेंढा) पाळायचा खर्च आता बंद करा. नामवंत एडक्याचं रेत (वीर्य) मागवा. थर्मासमध्ये बर्फावर ठेवा, चार-पाच दिवस आरामात टिकतं. सायीसारखं दाट, पांढरं असलं की समजा एक नंबर माल, तपासणीची गरज नाही. गायीसारखीच घरच्या घरी कांडी (रेत भरलेली बारीक नळी) भरा, जुळी हमखास. ऑस्ट्रेलियात पन्नास वर्षं जुन्या रेतापासून कोकरं झाली, म्हणजे रेत खराब होतच नाही. आणि शेवटी, ‘प्रत्येक मेंढपाळापर्यंत पोचवा’.

मी पशुवैद्य आहे आणि माझी बरीच वर्षं शेळ्या-मेंढ्यांच्या प्रजननात गेली आहेत. हा निरोप वाचून पैसे घालवलेली माणसं मला भेटली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

सुरुवात बर्फापासून करतो, कारण खरं नुकसान तिथे होतं. गेल्या श्रावणात यवतच्या अलीकडे एका उसाच्या बांधाला धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह त्यांचा तळ, उतरला होता. तिथल्या आबांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. त्यांच्या पुतण्याने कुठल्याशा विक्रेत्याकडून रेत आणलं होतं. वाघरीशेजारी, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीशेजारी, पोतं अंथरून त्यांनी थर्मास उघडला. आत बर्फाचा चुरा आणि चुऱ्यात थेट रुतवलेली काचेची कुपी. ‘डॉक्टर, बर्फ घालून आणलंय बगा, जरा बी ऊन लागू दिलं न्हाई,’ आबा म्हणाले. आदल्या दिवसापासून त्यांनी बर्फ दोनदा बदलला होता. काळजी घेण्यात त्यांनी कसूर केली नव्हती.

मी थेंबभर रेत कोमट स्लाइडवर घेतलं आणि मायक्रोस्कोपखाली धरलं. दाटी भरपूर होती, हालचाल नव्हती. बहुतेकांच्या शेपट्या आकड्यासारख्या वळलेल्या. चार-दोन शुक्राणू जिवंत होते, तेही एकाच जागी गोल गोल फिरणारे. आबांना डोळा लावून पाहायला सांगितलं. त्यांनी पाहिलं आणि विचारलं, ‘मंग आता गरम केलं तर?’ नाही. थंडीचा हा धक्का परत फिरत नाही.

याचं कारण शुक्राणूच्या आवरणात आहे. हे आवरण स्निग्ध पदार्थांचं असतं. एडक्याच्या शुक्राणूत त्यातली असंतृप्त स्निग्धाम्लं जास्त आणि कोलेस्टेरॉल कमी, त्यामुळे तो वळूच्या शुक्राणूपेक्षाही थंडीला हळवा. अंगच्या उबेतून एकदम बर्फावर गेला की आवरणाची घडी विस्कटते, आतलं बाहेर झिरपतं आणि शेपटी वळते. थंड करायचंच असेल तर त्याची रीत आहे. रेत काढल्याबरोबर ते कोमट ठेवायचं, त्याच तापमानाच्या द्रावात मिसळायचं (अंड्याचा बलक किंवा साय काढलेलं दूध या द्रावात आवरणाला सांभाळतं) आणि मग दीड-दोन तास घेऊन हळूहळू ५ अंशांपर्यंत उतरवायचं. कुपी बर्फाला टेकता कामा नये. एवढं सगळं बिनचूक केलं तरी हिशेब एका दिवसाचाच धरायचा. नंतर काही शुक्राणू हलताना दिसतील, पण गाभ धरण्याची ताकद झपाट्याने उतरलेली असते. फ्रान्समध्ये दुधाच्या मेंढ्यांना दरवर्षी लाखोंच्या संख्येने कृत्रिम रेतन होतं. तिथे रेत १५ अंशांवर ठेवतात आणि काढलं त्याच दिवशी वापरून टाकतात. इतकी मोठी व्यवस्था हाताशी असलेली माणसं चार-पाच दिवसांचा भरवसा धरत नाहीत, तर आपण थर्मासच्या जिवावर कसा धरायचा?

आता ‘सायीसारखं दाट म्हणजे एक नंबर’ हे वाक्य. यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते पटकन पटतं. एडक्याचं रेत खरोखरच दाट असतं. एका वेळी साधारण १ मिलिलिटर निघतं आणि चांगल्या एडक्याच्या तेवढ्याशा रेतात ३०० ते ४०० कोटी शुक्राणू असतात. पाण्यासारखं पातळ रेत आलं तर काहीतरी बिघडलं आहे, हे डोळ्यांनाही कळतं. पण दाटपणावरून फक्त संख्या कळते. मेलेले शुक्राणूही त्या दाटीत मोजले जातात. आबांच्या कुपीतलं रेत दिसायला सायीसारखंच होतं. शिवाय आत पू असेल तरी रेत दाट दिसतं, फक्त रंगात पिवळसर झाक येते.

तपासणी म्हणजे नेमकं काय, तेही सांगतो, कारण ती फार अवघड किंवा फार महागडी गोष्ट आहे असा उगाच समज आहे. ताज्या रेताचा थेंब ३७ अंशांच्या स्लाइडवर घेऊन कमी क्षमतेच्या भिंगाखाली पाहायचा. रेत चांगलं असेल तर एकेकटा शुक्राणू दिसतच नाही. दिसतात त्या लाटा, वळवाच्या आभाळात ढग एकमेकांत घुसतात तशा, थेंबाच्या कडेपर्यंत धडकणाऱ्या. या हालचालीला ० ते ५ असे गुण देतात. मग तेच रेत पातळ करून मोठ्या भिंगाखाली पाहायचं, की सरळ रेषेत पुढे पोहणारे किती, जागेवर थरथरणारे किती. इओसिन-निग्रोसिनचा रंग दिला की मेलेला शुक्राणू गुलाबी होतो, जिवंत पांढरा राहतो. त्याच स्लाइडवर तुटलेली डोकी आणि वळलेल्या शेपट्या मोजता येतात. सवयीच्या हाताला या सगळ्याला अर्धा तास पुरतो. संगणकाला जोडलेला मायक्रोस्कोपही आता मिळतो. तो प्रत्येक शुक्राणूचा वेग मोजून देतो, पण थंडीने मेलेलं रेत ओळखायला त्याची गरज पडत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. तपासणीत उत्तम ठरलेलं रेतसुद्धा कधी कधी गाभ धरत नाही. मायक्रोस्कोप नापास कोण ते नीट सांगतो. पास झालेल्यांपैकी सरस कोण हे मात्र कोकरं जन्मल्यावरच कळतं. म्हणून विकणाऱ्याने ‘रिपोर्ट आहे’ म्हटलं तरी, या एडक्याच्या रेतावर किती मेंढ्या भरवल्या आणि किती व्याल्या, हा प्रश्न विचाराच.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट खरी आहे. १९६८ साली गोठवलेलं मेरिनो जातीच्या एडक्यांचं रेत सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी पन्नास वर्षांनी वापरलं. ५६ मेंढ्यांपैकी ३४ गाभण राहिल्या, म्हणजे ६१ टक्के. अलीकडे गोठवलेल्या रेताचं प्रमाण ५९ टक्के आलं, म्हणजे जवळपास तेवढंच. मला स्वतःला ही बातमी फार आवडली होती. पण ते रेत पन्नास वर्षं द्रव नायट्रोजनमध्ये होतं, उणे १९६ अंशांवर. त्या थंडीत पेशीतली प्रत्येक घडामोड थांबते, म्हणून काळाचा परिणाम होत नाही. बर्फ ० अंशावर असतो. तिथे थंडीच्या धक्क्यातून वाचलेला शुक्राणू जिवंतच असतो, स्वतःची शक्ती जाळत म्हातारा होत असतो. निरोप लिहिणाऱ्याने या दोन गोष्टी एकाच ओळीत बसवल्या, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

गोठवणंही फुकट होत नाही. ग्लिसरॉल आणि बलकाच्या द्रावात नीट गोठवून, ३७ अंशांच्या पाण्यात नीट वितळवलं तरी साधारण निम्मे शुक्राणू त्या प्रवासातच संपतात. उरलेले पोहतात खरे, पण त्यांचं आवरण दुखावलेलं असतं आणि आयुष्य तासांत मोजण्याइतकं राहतं. इथून गायीच्या तुलनेचा मुद्दा सुरू होतो आणि मला वाटतं, निरोपातली सर्वांत मोठी चूक हीच आहे.

पुणे जिल्ह्यातल्या माणसाला ही तुलना सुचणं साहजिक आहे. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला बाएफ ही पशुसंवर्धनाचं काम करणारी संस्था उभी केली. पुढे गोठवलेल्या रेताची कांडी गोठ्याच्या दारात आली आणि आता आपल्याकडे गाय भरवायला फारसं कुणी वळू शोधत नाही. मग मेंढीला का नको? कारण गायीत रेतन करणारा माणूस गुदद्वारातून हात घालून गर्भाशयाचं तोंड पकडतो आणि नळी आरपार नेऊन रेत थेट गर्भाशयात सोडतो. मेंढीत हात जात नाही. शिवाय तिच्या गर्भाशयाच्या तोंडात चार ते सात कडी असतात, एकापुढे एक, पण एका रेषेत नसलेली. नळी पहिल्या-दुसऱ्या कड्यातच अडते. जोर लावला तर जखम होते.

त्यामुळे रेत तोंडाशीच सोडावं लागतं आणि तिथून पुढची वाट शुक्राणूने स्वतः काढायची असते. ताजं, दमदार रेत ही वाट काढतं. म्हणून ताज्या पातळ केलेल्या रेताची १५-२० कोटी शुक्राणूंची मात्रा तोंडाशी सोडली तर मेंढ्या चांगल्या गाभण राहतात, आणि एका वेळच्या रेतात पंधरा-वीस मेंढ्या भागतात. वितळवलेलं, दमलेलं रेत मात्र बहुतेक जातींच्या मेंढ्यांत वाटेतच अडकतं. त्यावरचा उपाय लॅप्रोस्कोपी. मेंढीच्या पोटाला बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीने पाहत रेत थेट गर्भाशयाच्या शिंगात, म्हणजे त्याच्या आतल्या फाट्यात, सोडतात. मग दोनेक कोटी जिवंत शुक्राणूही पुरतात. पण त्यासाठी मेंढी उपाशी ठेवावी लागते, भूल लागते, निर्जंतुक हत्यारं लागतात, शिकलेला पशुवैद्य लागतो. शिवाय १२ ते १४ दिवस योनीत हार्मोनचा स्पंज ठेवून सगळ्या मेंढ्या एका वेळी माजावर आणाव्या लागतात. ‘घरच्या घरी’ या शब्दात हे बसत नाही.

नॉर्वेचं उदाहरण देऊन मला कुणी अडवेल, आणि ते बरोबरच होईल. तिथे शेतकरी गोठवलेलं रेत स्वतः योनीत सोडतात आणि निकाल चांगले मिळतात. पण तीच पद्धत दुसऱ्या देशांतल्या जातींवर करून पाहिली तेव्हा निकाल तसे आले नाहीत. मेंढीची जात बदलली की तोंडाची ती वाटही बदलते. आपल्या दख्खनी मेंढीवर नॉर्वेचा आकडा चिकटवून कुणी कांडी विकत असेल तर ती घेऊ नका.

‘जुळी हमखास’ हे वाक्य तर सरळ चूक आहे. मेंढीला एक कोकरू होणार की दोन, हे तिच्या अंडाशयातून किती बीजं सुटली यावर ठरतं. एडक्याच्या रेतात कोट्यवधी शुक्राणू असले तरी बीज एक असेल तर कोकरू एकच. जुळ्यांचं जनुक खरंच आहे. सुंदरबनातल्या गारोळ मेंढीत ते सापडतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ते दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली आणि हे जनुक कोणत्या जनावरात आहे ते रक्ताच्या नमुन्यावरून ओळखायच्या कामात आपल्या पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सोबत होती. तसा एडका वापरला तर त्याचा गुण त्याच्या लेकींच्या वेतात दिसतो. ज्या मेंढीला रेत भरलं तिच्या वेतात नाही. म्हणजे कांडी आज, जुळी दोनेक वर्षांनी, तीही जनुक उतरलेल्या लेकींनाच.

मग एडका विकून टाकायचा का? माझं म्हणणं उलट आहे. त्याच्याकडे आजवर दिलं नाही तितकं लक्ष द्या. आज निघालेलं रेत आज तयार झालेलं नसतं. शुक्राणू वृषणात घडायला सुमारे ४९ दिवस लागतात आणि पुढे नळीतून पिकून बाहेर यायला आणखी दहा-बारा. आषाढात जे रेत हवं ते वैशाखाच्या उन्हात घडत असतं. वृषण अंगापेक्षा चार-पाच अंश थंड राहावे लागतात. वैशाखात एडका दिवसभर उघड्यावर तापला किंवा त्याला आजारात मोठा ताप येऊन गेला, तर तो बरा होऊन टुणटुणीत दिसत असतानाही दीड-दोन महिने रेत कमजोर राहतं. मेंढ्या गाभ न धरता दर सतरा दिवसांनी उलटत, म्हणजे पुन्हा माजावर येत, राहतात आणि दोष मेंढ्यांवर जातो.

त्या दिवशी यवतला कुपी बाजूला ठेवली आणि आबांना म्हटलं, तुमचे एडके धरा. तीन होते. सर्वांत उंच, नाकाला भरदार बाक असलेला, बाजारात ज्याला मोठी मागणी आली होती त्याच्या डाव्या वृषणाच्या खालच्या टोकाला सुपारीएवढी टणक गाठ हाताला लागली. तिथेच शुक्राणू साठून पिकतात. रेत काढून पाहिलं तर लाट नव्हती, स्लाइडवर पुवाच्या पेशी होत्या. असा दोष बहुधा जंतुसंसर्गाने येतो आणि एका एडक्यापासून दुसऱ्याला लागतो. दोन हंगाम त्याच्याकडच्या मेंढ्या उलटत होत्या आणि आबा त्या मेंढ्याच बाजारात काढत होते. उरलेल्या दोघांपैकी जो बुटका, मळकट काळा होता, त्याच्या थेंबातल्या लाटा पाहायला पुतण्याने मायक्रोस्कोप दहा मिनिटं सोडला नाही.

उंच एडका आबांनी त्याच संध्याकाळी वाघरीबाहेर वेगळा बांधला. बाकी दोघांची पुढची तपासणी मृगाच्या आधी करायची ठरली आहे, मेंढ्यांच्या खांडात सोडण्यापूर्वी.