मानसोपचार आणि हृदयविकाराच्या गोळ्या : एक खुलासा

‘बारा आठवडे समुपदेशन घ्या, दुसरा झटका येणार नाही आणि गोळ्याही सुटतील,’ असा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. त्यातला दुसरा भाग सरळसरळ घातक आहे : स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळीदार नळी) बसवलेल्या रुग्णाने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन रक्तप्रवाह अडू शकतो.

पहिल्या भागाविषयी पुरावा उपलब्ध आहे. झटका येऊन गेलेल्या आणि नैराश्य किंवा एकाकीपणा असलेल्या २,४८१ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. बोधात्मक वर्तनोपचाराने (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराने) नैराश्य थोडे कमी झाले, मात्र मृत्यू किंवा पुन्हा येणारे झटके कमी झाले नाहीत. कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात, ३५ चाचण्या एकत्र पाहता, हृदयविकाराने होणारे मृत्यू काहीसे घटलेले आढळले, पण एकूण मृत्यूंत स्पष्ट फरक दिसला नाही.

म्हणून हे उपचार निरुपयोगी ठरतात, असे मुळीच नाही. अँजिओप्लास्टीनंतर रात्री उठून मनगटावर नाडी मोजत बसणारा, जिन्याच्या चौथ्या पायरीवर थबकणारा माणूस अनेक घरांत असतो (आणि घरचे त्याला ‘जास्त विचार करू नका’ एवढेच सांगतात). अशा रुग्णाला उपचारक भीतीचे विचार वहीत टिपायला लावतो, ते तपासायला शिकवतो आणि डॉक्टरांच्या संमतीने पायऱ्या हळूहळू वाढवायला सांगतो. भीती व नैराश्य कमी करणे हाच या उपचाराचा खरा उपयोग असून तो गोळ्यांच्या जोडीने घ्यायचा असतो.